मुक्कामातले डास: धुरी कशी करावी आणि चावल्यावर काय लावावं

लसूण खाल्ल्यावर डास चावत नाहीत, असं जो सांगतो त्याला ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कडेला नेऊन बसवायला पाहिजे. आम्ही सोलापूरकर लसूण घातलेली शेंगाचटणी भाकरीबरोबर रोज खातो. डासांनी त्याचं कधी काही मनावर घेतलेलं नाही.

गेली पंधरा-सोळा वर्षं घरातल्या आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन मी मुक्कामाला जाते. कधी हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमाजवळ ओळखीच्या शेतात. कधी करमाळ्याकडे उजनीच्या काठी. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याला आत्याकडे. एवढ्या रात्रींत बरेच उपाय करून पाहिले आणि त्यातले निम्मे सोडून दिले. लिंबात खोचलेल्या लवंगा, मोबाइलमधून ऐकू न येणारा आवाज काढणारं ॲप, गवती चहाच्या वासाची मेणबत्ती: यातलं काहीही उघड्यावर उपयोगाचं नाही. उरलेलं खाली सांगते.

जागा आणि कपडे

पाण्यापासून शंभरेक पावलं लांब, जरा उंचवट्यावर, वारा लागेल अशी जागा घ्या. डास उडण्यात कच्चा असतो. बऱ्यापैकी वारा असेल तर त्याला अंगावर बसणंच जमत नाही. उसाचा फड, गोठा आणि कडब्याची गंज यांच्या शेजारी तंबू ठोकू नका. मेंढ्या बसतात ती जागाही टाळा, तिथे गोचीड असतात.

कपडे फिकट, सैल आणि पूर्ण बाह्यांचे. अंगाला चिकटलेल्या लेगिंगमधून डास आरामात चावतो. बसल्यावर पायांवर सोलापुरी चादर घ्या. तिच्या जाड विणीतून डासाची सोंड आत जात नाही, आणि घोट्यांना दुसरं काही लावायची गरजही राहत नाही.

धुरी

आता मुख्य काम. ‘कडुनिंबाचा पाला जाळा’ एवढंच सांगून लोक मोकळे होतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. माझंही दोन वर्षं बिघडत होतं.

पहिल्या वर्षी मी झाडावरून ओला पाला ओरबाडला आणि पेटत्या लाकडांवर टाकला. पांढराफटक धूर झाला, सगळी पोरं खोकत पाण्याकडे पळाली. पंधरा मिनिटांनी पाला करपला, धूर संपला आणि डास परत हजर. दुसऱ्या वर्षी शहाणपण म्हणून पाला आठ दिवस कडकडीत वाळवून नेला. तो धुमसलाच नाही, भडकला. ठिणग्या उडाल्या आणि नव्या नायलॉनच्या तंबूला रुपयाएवढी दोन भोकं पडली. त्या दोन भोकांतून रात्रभर किती डास आत आले ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

पुढच्या हुरड्याला हे रडगाणं मी आत्यापुढे गायले. ती आगटीपाशी कणसं फिरवत होती. म्हणाली, “आगं, जाळ कशाला करतीस? जाळाचा अन् डासाचा काय संबंध? निखारा करायचा, त्याच्यावर राख धरू द्यायची, मग मलूल पाला टाकायचा. धुपवायचं असतंय ते, पेटवायचं नसतंय.”

एवढंच होतं. पण त्यातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी करावी लागते.

गोवऱ्या घ्या, लाकूड नको. लाकडाचा जाळ उंच होतो आणि निखारे लवकर विझतात. गोवरी तासन्‌तास मंद धुमसत राहते. शेतातल्या हुडव्यातून, म्हणजे गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगातून, गोवरी काढताना हात सरळ आत घालू नका. विंचवाला गोवऱ्यांच्या सांदीइतकी आवडती जागा दुसरी नाही. काठीनं गोवरी ओढायची, जमिनीवर आपटायची, मगच उचलायची. हे काम मी पोरांना करू देत नाही.

गोवऱ्या जुन्या लोखंडी घमेल्यात रचा. जमिनीवर पेटवू नका. एक तर वारा फिरला की घमेलं उचलून दुसरीकडे ठेवता येतं. दुसरं म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडच्या माळावरचं गवत असं वाळलेलं असतं की एका ठिणगीत माळ पेटेल. घमेल्याच्या तळाशी चार बोटं माती घाला आणि भोवतालचं दोन-तीन हातांतलं गवत काढून टाका. पाण्याची बादली शेजारी हवीच.

दिवस मावळायच्या तासभर आधी पेटवा. सुरुवातीला नुसता शेणाचा दाट धूर येईल, ज्वाळाही येतील. त्यात काहीही टाकू नका. पाऊण तासानं ज्वाळा बसतात, गोवरी आतून लाल होते आणि वर राखेची करडी साय धरते. हीच ती वेळ. ती येईपर्यंत माणसाला दम निघत नाही आणि सगळी गडबड तिथेच होते. राखेची साय महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे पाल्याला थेट आच लागत नाही. तो पेटत नाही, नुसता धुमसतो.

पाला सकाळी तोडून दिवसभर सावलीत पसरून ठेवलेला हवा. संध्याकाळी तो हिरवाच दिसतो, पण हाताला मऊ, मरगळलेला लागतो. याला आत्या मलूल म्हणते. एका वेळी एक मूठ, फार तर दीड. पंधरा-वीस मिनिटांनी पुढची मूठ. धूर निळसर, पातळ आणि जमिनीलगत सरकणारा दिसला की जमलं म्हणायचं. पांढरा, दाट लोट उठला तर पाला ओला आहे किंवा जास्त झाला आहे. काठीनं थोडा बाजूला ओढा. निर्गुडीचा पाला मिळाला तर तोही थोडा चालतो. कण्हेरीची एक काडीसुद्धा नको, तिचा धूरही विषारी असतो. अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे जाळायची आपल्याकडे फार हौस आहे. ते भडकतात, उडतात आणि डोळे चुरचुरवतात. मी जाळत नाही.

आता घमेलं ठेवायचं कुठे? वारा येतो त्या बाजूला, बसायच्या जागेपासून दहा-बारा पावलांवर. धूर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत विरळ झाला पाहिजे. वास आला पाहिजे, डोळे झोंबता कामा नयेत. डास आपल्याला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून आणि अंगाच्या उबेवरून. धुरानं त्याचा हा माग चुकतो. त्यासाठी विरळ धूर पुरतो, तुम्ही मधोमध बसून गुदमरायची काही गरज नाही. पाण्याकाठी दिवस मावळताना वारा पडतो आणि तेव्हाच डास सर्वांत जास्त असतात. त्या तासाला मी दोन घमेली ठेवते, समोरासमोर. पुढे वारा सुटला की एक विझवते.

दोन गोष्टी कानात तेल घालून ऐका. पहिली, पेटवण्याआधी मान वर करून बघा. जुनं देऊळ, किल्ल्याची भिंत, मोठं वडाचं झाड असेल तर वर आग्या मोहोळ असू शकतं. त्याला धूर लागला तर डास परवडले म्हणायची वेळ येते. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड-डोकं चादरीनं झाकून पळा आणि लांब जाऊन गाडीत किंवा खोलीत शिरा. दुसरी, घमेलं तंबूत कधीही नेऊ नका, ‘विझलंय’ असं वाटत असलं तरी नाही. राखेखालच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. डासांची कॉइलही आत नको. ज्याला दमा आहे त्याच्यासाठी धुरी हा उपायच नाही, त्यानं मच्छरदाणीत बसावं.

झोपताना पाणी ओतून, काठीनं ढवळून, परत पाणी ओतून विझवा. रात्री तंबूची चेन आणि मच्छरदाणी यांच्यावर भिस्त ठेवायची.

तेल

एक चमचा कडुनिंबाचं तेल, नऊ-दहा चमचे खोबरेल. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून अर्धा तास वाट बघा. निव्वळ कडुनिंबाचं तेल लावू नका. कातडी लाल होते आणि त्या वासानं शेजारचा माणूस उठून जातो. घाम असेल तर हे मिश्रण तास-दीड तास टिकतं, मग परत लावावं लागतं. रात्रभर टिकतं असं सांगणाऱ्यानं कधी रात्रभर उघड्यावर झोपून पाहिलेलं नसतं. लहान मुलांच्या हाताला आणि तोंडाजवळ लावू नका. कडुनिंबाचं तेल किंवा कापूर मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते, त्यामुळे बाटली आणि डबी उंचावर ठेवा. तीन वर्षांखालच्या पोराला तेल-बिल काही नको, मच्छरदाणी.

आणि डेंग्यूचे दिवस असतील तर घरगुती उपायाचा हट्ट सोडा. मेडिकलमधून डास पळवणारं मलम आणा आणि पाकिटावर लिहिलंय तसं लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून संध्याकाळची धुरी त्याला पुरी पडत नाही.

दिवा

पिवळा, मंद, आणि बसायच्या जागेपासून लांब टांगलेला. पांढऱ्या झगझगीत एलईडीवर पाखरांचा पाऊस पडतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिव्यावर एक किडा येतो: मुंगीएवढा, लांबट, काळा-नारिंगी. तो चावत नाही. पण मानेवर बसला म्हणून चिरडला, तर त्याच्या अंगातल्या रसानं दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो आणि फोड येतात. फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. माझ्या भाच्याच्या गळ्यावर असा पट्टा उठला होता, आणि घरच्यांनी पंधरा दिवस ती नागीण आहे म्हणून त्याला भलतंसलतं लावलं.

चावलंच तर

डास: साबणानं धुवा, गार पाण्याची घडी दहा मिनिटं ठेवा. खाज तरीही राहिली तर खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, दहा मिनिटांनी धुऊन टाका. कोरफडीचा गर किंवा कॅलामाइन असेल तर तेही चालतं. डासाच्या लाळेवर आपलं अंगच चिडतं, म्हणून गांधी येते. खाजवलं की ती वाढते आणि नखानं जखम झाली की चिघळते. नखानं फुली मारून काही होत नाही. टूथपेस्ट दात घासायला आणली आहे, तिथेच वापरा.

मधमाशी: काटा ताबडतोब काढा, नखानं खरवडून किंवा ओढून, कसाही. काटा आत राहील तितका वेळ विष उतरत राहतं. मग गार घडी. चुना लावू नका, कातडी भाजते. ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा खूप माश्या चावल्या तर घरचे उपाय बंद आणि थेट दवाखाना.

गोचीड: चिमट्यानं कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा, पिळू नका. पेटती काडी, रॉकेल, तेल यातलं काही लावू नका.

विंचू चावला तर यातलं काहीच करायचं नाही. घट्ट बांधणं नाही, चिरा देणं नाही, मंत्र उतरवणाऱ्याची वाट बघणं नाही. लाल विंचू हृदयावर परिणाम करतो: दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर रुजवल्यापासून कितीतरी माणसं वाचली, पण त्यासाठी माणूस वेळेत पोचला पाहिजे. १०८ ला फोन लावा, किंवा गाडी असेल तर वाट न बघता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सोलापूरच्या सिव्हिलला निघा. मूल असेल तर दुखतंय की नाही हे विचारत बसू नका, निघा.

सकाळी उठल्यावर बूट उलटे करून दोनदा आपटा, मग पाय घाला. अंथरूण झटका. घमेल्यातली राख गार झाल्याची हात लावून खात्री करा आणि शेतमालकाला विचारून वांग्यांच्या वाफ्यात टाका. आत्या तर दुसऱ्या कुणाला ती देतच नाही.