जेएलपीटी देऊ इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी : तयारीचा भर कुठे असावा

जपानी शिकू लागलेल्या विद्यार्थ्यासमोर काही महिन्यांतच जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचा, विषय येतो. जपानी ज्यांची मातृभाषा नाही, अशांसाठी १९८४ सालापासून घेतली जाणारी ही परीक्षा जपानबाहेर जपान फाउंडेशन स्थानिक संस्थांच्या मदतीने घेते. पुण्यात ही जबाबदारी जपानी भाषा शिक्षकांची संघटना सांभाळते. परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी होते आणि तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. त्यांपैकी एन-५ सर्वांत सोपी. मी पुण्यातच या पायऱ्या एन-२ पर्यंत चढत गेलो आणि त्यानंतर भाषांतराचे काम करता करता नवीन विद्यार्थ्यांना शिकवूही लागलो. या सगळ्या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. आपल्याकडचे विद्यार्थी कांजी (जपानी लेखनात वापरली जाणारी चिनी मूळची अक्षरे) आणि व्याकरण यांवर जेवढे कष्ट घेतात, त्याच्या पाव हिश्श्यानेही श्रवणावर घेत नाहीत, आणि निकालात नेमके तेच आड येते.

हे समजून घेण्यासाठी गुणांची रचना पाहावी लागेल. प्रत्येक पातळीची परीक्षा एकूण १८० गुणांची असते. एन-१, एन-२ आणि एन-३ मध्ये शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण असे तीन विभाग प्रत्येकी ६० गुणांचे असतात. एन-४ आणि एन-५ मध्ये पहिले दोन विभाग एकत्र करून १२० गुण दिलेले असतात आणि श्रवण ६० गुणांचेच राहते. म्हणजे कोणतीही पातळी घेतली, तरी एक तृतीयांश गुण कानावर अवलंबून आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी एन-५ ला ८०, एन-४ ला ९०, एन-३ ला ९५, एन-२ ला ९० आणि एन-१ ला १०० गुण लागतात. पण तेवढ्याने भागत नाही. ६० गुणांच्या प्रत्येक विभागात किमान १९ आणि १२० गुणांच्या एकत्रित विभागात किमान ३८ गुण मिळवावेच लागतात. एन-३ ला एकूण १२० गुण मिळवणारा विद्यार्थी श्रवणात १८ वर अडला, तर तो अनुत्तीर्णच ठरतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. मात्र अंतिम गुण प्रश्नांची काठिण्यपातळी लक्षात घेऊन काढले जातात, म्हणून बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या मोजून घरी निकाल मांडत बसण्यात अर्थ नसतो.

श्रवणाच्या प्रश्नांचे स्वरूप एकदा नीट पाहिले, की तयारी कशी करायची हे आपोआप कळते. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. सुरुवातीच्या प्रश्नप्रकारात आधी परिस्थिती आणि प्रश्न सांगितला जातो : कार्यालयात एक वरिष्ठ आणि एक कर्मचारी बोलत आहेत, तर कर्मचारी आता सर्वप्रथम काय करील? मग संभाषण सुरू होते. वरिष्ठ कागदपत्रांच्या प्रती काढायला सांगतात, मग बैठकीची खोली राखून ठेवायचे म्हणतात, लगेच ‘ते मी बघतो’ असे सांगून ते काम काढून घेतात, आणि शेवटी ‘सोनो माए नि’, म्हणजे त्याआधी, अमुक ठिकाणी फोन करा, असे जोडतात. पर्यायांत ही सगळी कामे छापलेली असतात आणि प्रत्येक शब्द विद्यार्थ्याने ऐकलेलाही असतो. तरीही ज्याचे लक्ष ‘सोनो माए नि’कडे नव्हते, त्याचे उत्तर चुकते. कोणते काम पुढे सरकले, कोणते रद्द झाले आणि कोणते दुसऱ्याने अंगावर घेतले, याचा माग ठेवणे हे खरे कौशल्य आहे. त्यापुढे एक प्रकार असा येतो, की त्यात प्रश्नपत्रिकेवर काहीच छापलेले नसते : एक वाक्य ऐकू येते, त्याला देता येतील अशी तीन उत्तरे ऐकू येतात, आणि विचार करायला मिळतात जेमतेम काही सेकंद. येथे मनातल्या मनात मराठीत भाषांतर करणारा विद्यार्थी हमखास मागे पडतो.

मराठी कानाची एक विशिष्ट अडचण आहे, तिच्याकडे वर्गात फारसे लक्ष दिले जात नाही. इ-ई आणि उ-ऊ यांतील भेद आपल्याला ओळखीचा आहे, आणि ‘पक्का’, ‘कच्चा’ असे शब्द रोजच्या वापरात असल्यामुळे जपानीतील जोड व्यंजनेही जड जात नाहीत. ‘ओ’चे मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आपण मानत नाही. जपानीत ‘कोको’ म्हणजे ‘येथे’ आणि दोन्ही ओकार लांबवले की ‘कोओकोओ’ म्हणजे माध्यमिक शाळेनंतरची उच्च शाळा. हा फरक कानाला पहिल्या महिन्यापासूनच लावून घ्यावा. एन-३ पर्यंत तसेच रेटले, तर पुढे तो सुधारणे फार कष्टाचे होते.

सरावाची जी पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते, ती अशी. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्न ध्वनिमुद्रणासह मोफत मिळतात. प्रथम परीक्षेप्रमाणे एकदाच ऐकून उत्तर लिहावे. मग तेच पुन्हा ऐकावे आणि आपण कोणत्या शब्दापाशी अडखळलो ते शोधावे. त्यानंतरच लिखित संवाद समोर घ्यावा आणि शेवटी ध्वनिमुद्रणाच्या पाठोपाठ, त्याच गतीने, मोठ्याने बोलावे. रोज वीस मिनिटांचा हा क्रम रविवारच्या सलग तीन तासांपेक्षा कितीतरी जास्त फळ देतो.

व्याकरणाच्या बाबतीत मराठी भाषकाला मोठा आधार आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. क्रियापद शेवटी येते, नामाला विभक्तीप्रमाणे प्रत्ययवजा अव्यय लागते, आणि संयुक्त क्रियापदे तर आश्चर्य वाटावे इतकी जुळतात : ‘ताबेतेमिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘कात्तेओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत यासाठी लांबलचक स्पष्टीकरणे असतात. आपण ती सरळ मराठीतून समजून घेतली, तर एन-४ चा बराच भाग हलका होतो. याचा थेट फायदा वाक्यरचनेच्या प्रश्नात मिळतो. त्यात वाक्याचे चार तुकडे विस्कटून दिलेले असतात, ते चार रिकाम्या जागांत लावायचे असतात आणि तारा छापलेल्या जागी कोणता तुकडा येतो तेवढेच उत्तरपत्रिकेत भरायचे असते. तुकडे मनात जुळवत न बसता त्यांचे क्रमांक प्रश्नपत्रिकेवर लिहून काढावेत आणि वाक्य एकदा आरंभापासून वाचूनच ताऱ्याचे उत्तर भरावे.

पातळी निवडताना एन-५ नंतर एन-४ आणि एन-४ नंतर एन-३ ही सारख्या उंचीची पायरी आहे, असे समजू नये. २०१० पूर्वी चारच पातळ्या होत्या. त्यांतील खालच्या दोन पातळ्यांसाठी अनुक्रमे सुमारे १५० आणि ३०० तासांचा अभ्यास, १०० आणि ३०० कांजी अपेक्षित होत्या. पण त्याच्या वरच्या पातळीला एकदम ६०० तास, १,००० कांजी आणि ६,००० शब्द लागत. ही दरी फार मोठी असल्यामुळेच २०१० च्या फेररचनेत मधे एन-३ आली. आता शब्दांच्या किंवा कांजींच्या अधिकृत याद्या प्रसिद्ध होत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या याद्या अनुमानावर आधारलेल्या असतात, तेव्हा एखादी यादी पाठ झाली म्हणजे पातळी झाली, असे धरून चालू नये. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने एन-४ आणि एन-३ यांच्यात किमान वर्षभराचे अंतर ठेवावे, असे मी सुचवीन.

परीक्षेच्या दिवसाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. एचबी पेन्सिली, चांगला खोडरबर आणि साधे काट्यांचे घड्याळ जवळ ठेवावे. मोबाइल पूर्ण बंद असावा, कारण परीक्षेदरम्यान तो वाजला तर परीक्षार्थी बाद होऊ शकतो. नोंदणी जुलैसाठी साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, आणि केंद्रांवरील जागा मर्यादित असल्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

प्रमाणपत्र कशासाठी हवे आहे, हेही आधीच ठरवलेले बरे. जपानच्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसावर कामाला जाऊ इच्छिणाऱ्यांना एन-४ चालते. त्याऐवजी जपान फाउंडेशनची संगणकावर होणारी जेएफटी-बेसिक ही परीक्षाही देता येते. तीत २५० पैकी २०० गुण लागतात. ज्यांना जपानमधील विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश हवा आहे, त्यांनी जून आणि नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या ईजेयू या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवेश परीक्षेची माहिती घ्यावी. उच्च कौशल्यधारकांच्या व्हिसासाठी असलेल्या गुणपद्धतीत एन-१ ला १५ आणि एन-२ ला १० गुण मिळतात. येथील कंपन्यांत भाषांतराच्या कामासाठी एन-२ च्या खाली फारसे कोणी विचारत नाही, हा माझा अनुभव आहे.

मात्र जेएलपीटीत बोलणे आणि लिहिणे तपासलेच जात नाही. सर्व प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांतच समोरचा माणूस जपानीत प्रश्न विचारतो आणि तेथे पर्याय छापलेले नसतात. म्हणून एन-३ च्या तयारीला लागल्यापासून आठवड्यातून एकदा तरी कोणाशी तरी केवळ जपानीत बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी, आणि आपण काय काम करतो, आधी कोठे होतो, जपानी का शिकलो, या तीन गोष्टी आदरार्थी रूपांसह न अडखळता सांगता येतील इतक्या घोटून ठेवाव्यात.