डेडिकेटेड सर्व्हर घेतलाय? या चुका टाळा

परभणीत बसून मी गेली अकरा वर्षं दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो. लातूरचे क्लासेस, जालन्याच्या बियाणे कंपन्या, स्टीलचे व्यापारी, दोन स्थानिक दैनिकं. बहुतेकांची सुरुवात सारखीच असते. साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या सर्व्हरवर असते, गर्दी वाढली की अडखळते, मग कुणीतरी सांगतं, ‘डेडिकेटेड घेऊन टाका, कटकट मिटेल.’ कटकट मिटत नाही, ती तुमच्या गळ्यात पडते. डेडिकेटेड म्हणजे अख्खं मशीन तुमच्या एकट्याचं. त्यातही अनमॅनेज्ड डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे कंपनी वीज देणार, नेटवर्क देणार आणि तुम्ही कळवलंत तर बिघडलेली डिस्क बदलणार. बाकी सगळं तुमचं. डिस्क बिघडली हे ओळखणंसुद्धा तुमचंच.

ज्याच्या घरी जनावरं आहेत त्याला सकाळी आधी गोठ्यात जा असं सांगावं लागत नाही. कोणती गाय रवंथ करत नाही, कोणाचे कान गार लागतायत, हे बघितल्याशिवाय तो चहा घेत नाही. सर्व्हरसुद्धा बंद पडण्याआधी आठवडे-महिने सांगत असतो. ऐकणारं कुणी नसतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारींचं मूळ इथं आहे.

रेड आहे म्हणून बॅकअप नको, आणि बॅकअप आहे म्हणून बघायला नको

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची रचना. या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तिनं माझी झोप घालवली आहे.

लातूरचा एक क्लास. मार्च महिना, नीटची टेस्ट सिरीज ऐन भरात. शुक्रवारी संध्याकाळी सरांचा फोन आला, ‘दादा, साइट उघडंना. पोरं सारखी फोन करायलेत.’ सर्व्हर मी लावलेला नव्हता, ज्यानं लावला तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता. मी रेस्क्यू मोडमध्ये, म्हणजे सर्व्हर तात्पुरत्या वेगळ्या सिस्टिमवर चालू करून, आत शिरलो. दोन टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. चांगली रचना आहे. सॉफ्टवेअर रेडची स्थिती एका ओळीत दिसते. दोन्ही डिस्क धडधाकट असतील तर कंसात दोन यू, एक गेली की एक यू आणि शेजारी नुसता अंडरस्कोअर. मला अंडरस्कोअर दिसला. पण तो आजचा नव्हता. पहिली डिस्क डिसेंबरातच गेली होती. तीन महिने सर्व्हर एका पायावर उभा होता, आणि त्या शुक्रवारी दुसऱ्या डिस्कवरची नेमकी डेटाबेसची जागा वाचता येईना झाली.

रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, मेलबॉक्सची फाइल सुदैवानं वाचता आली. त्यात डिसेंबरापासून रोज एक मेल पडलेला होता, अ‍ॅरे डिग्रेड झाल्याचा, म्हणजे डिस्कच्या जोडीतली एक गेल्याचा. रोज. कुणाच्याही मोबाइलवर न जाता तिथंच साचलेला.

मी सरांना म्हटलं, हरकत नाही, बॅकअप आहे. दुसऱ्या मशीनवर बॅकअपचं फोल्डर होतंही. रोजची एक फाइल, नावात तारीख, चौदा दिवसांच्या चौदा फाइली ओळीनं. मग मी साइजचा कॉलम बघितला. २० बाइट. २० बाइट. २० बाइट. वरपासून खालपर्यंत.

झालं असं होतं की ऑक्टोबरात कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंप, म्हणजे डेटाबेसाची पूर्ण प्रत, काढणारी कमांड रोज फसायची आणि तिच्या पुढची जीझिप ही फाइल दाबून लहान करणारी कमांड तिच्याकडून आलेलं ‘काहीच नाही’ मन लावून दाबून ठेवायची. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल बरोबर वीस बाइटची होते. पाइपमधली, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या कमांडमधली, शेवटची यशस्वी झाली म्हणून स्क्रिप्टला सगळं आलबेल वाटायचं, आणि चौदा दिवसांपूर्वीची फाइल ती नेमानं पुसायची. त्यामुळे ऑक्टोबर संपायच्या आत शेवटची खरी प्रत गेलेली होती.

मुलांचे मार्क वाचले ते ऑफिसातल्या मॅडममुळे. दर रविवारी त्या सगळ्या टेस्टचं एक्सेल काढून पेनड्राइव्हवर ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची सवय होती. शनिवार-रविवार आम्ही तिघांनी ती शीटं पुन्हा डेटाबेसात भरली. प्रत्येक प्रश्नाला मुलानं काय उत्तर दिलं होतं, तो तपशील मात्र कायमचा गेला. ज्या मुलाला आपलं केमिस्ट्री कुठं कच्चं आहे ते त्यातून बघायचं होतं, त्याला मी काय सांगणार?

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘सेट -ई’ आणि पाइपफेल दोन्ही चालू करतो, म्हणजे मधली कमांड फसली तरी स्क्रिप्ट थांबते. मायएसक्यूएल या डेटाबेसाच्या डंपची शेवटची ओळ ‘डंप कम्प्लीटेड’ असते, ती आहे का हे तपासल्याशिवाय जुनी फाइल पुसत नाही. आजची फाइल कालच्यापेक्षा फारच लहान असेल तर माझ्या फोनवर मेसेज येतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऑफिसातल्या जुन्या पीसीवर बॅकअप उतरवून, साइट उघडून, आदल्या दिवशीची एखादी नोंद डोळ्यांनी बघतो. यात तास-दीड तास जातो. नवी मुलं विचारतात, दर महिन्याला कशाला? मी त्यांना वीस बाइटची ती यादी दाखवतो, तिचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय.

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. नेहमीच्या बॅकअपच्या फाइली जिथं असायला हव्यात तिथं ते बघायला गेले, तर तिथं काही नव्हतं. बॅकअप फसल्याचे मेल निघत होते, पण ते मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नाही. सहा तास आधीची एक प्रत योगायोगानं हाताशी होती, तिच्यावर त्यांनी निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

आणि बॅकअप त्याच इमारतीत नको. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तिथंच होते त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी काहीच उरलं नव्हतं. सर्व्हर मुंबईत असेल तर एक प्रत दुसऱ्या शहरात आणि एक तुमच्या हाताखाली, परभणीत, बीडला, जिथं बसता तिथं.

लाइट जाणार हे धरून चाला

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चारला आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि लाइट जाते. हे माहीत असूनही लोक एसएसएचच्या, म्हणजे लांबून सर्व्हरला कमांड देण्याच्या, नुसत्या खिडकीतून अपग्रेड सुरू करतात. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, वायफायचा राउटर नसतो. कनेक्शन तुटलं की त्या खिडकीत चाललेली कमांडही मरते, पॅकेजेस अर्धवट बसलेली राहतात.

माझ्याकडे शिकायला असलेल्या एका मुलाच्या हातून हेच झालं. पण खरं नुकसान लाइटनं केलं नाही. लाइट आल्यावर तो परत आत शिरला, तेव्हा सर्व्हर चालू होता, साइट चालू होती. डीपीकेजीनं, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामनं, स्पष्ट सांगितलं होतं की काम मध्येच थांबलंय, आधी राहिलेलं कॉन्फिगरेशन पूर्ण करा. पाच मिनिटांचं काम. त्यानं काय केलं, रीबूट मारला. नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अर्धवट बसलेलं, सर्व्हर वर येईना. जालन्याच्या एका बियाणे कंपनीचे विक्रेते मृगाच्या तोंडावर ऑर्डर टाकत होते आणि साइट साडेपाच तास बंद. पेरणीआधीच्या त्या आठवड्यातले साडेपाच तास म्हणजे काय, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला कळेल.

टीमक्स वापरा, तो खिडकी सर्व्हरवरच उघडी ठेवणारा प्रोग्राम आहे. आत शिरलात की आधी टीमक्स, मग बाकी सगळं. कनेक्शन तुटलं तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं, लाइट आली की परत जोडून घ्यायचं. शिकायला वीस मिनिटं लागतात. आणि रीबूट हा उपाय नाही. त्यानं कारण पुसलं जातं. लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदी, वाचायचा कंटाळा येतो म्हणून रीबूट करणाऱ्या मुलाला मी सर्व्हरचा पासवर्ड देत नाही.

फायरवॉल म्हणजे सर्व्हरची कोणती दारं, म्हणजे पोर्ट, उघडी राहतील हे ठरवणारी भिंत. तिचंही याच जातीतलं आहे. आधी एसएसएचचा पोर्ट उघडा करायचा, मग फायरवॉल चालू करायची. उलट केलंत की तुम्ही बाहेर, दार आतून बंद. मी बदल करताना दुसरी खिडकी उघडी ठेवतो आणि दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद होईल असं काम आधीच लावून ठेवतो. सगळं ठीक दिसलं की ते काम रद्द. केव्हीएम किंवा आयपीएमआयचा, म्हणजे सिस्टिम बंद असतानाही मशीनपर्यंत पोचायचा, लॉगिन चालतो का हे सर्व्हर हातात आला त्या दिवशीच बघा, अडचणीच्या रात्री नको. डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय, वापरत असाल तर ध्यानात ठेवा, त्यानं उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाहीत.

डिस्क भरली, फाइल उडवली, तरी जागा होईना

चाळीस जीबीचा लॉग पुसला आणि डिस्क अजून शंभर टक्केच, हा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. चालू असलेल्या प्रोसेसनं फाइल धरून ठेवली असेल तर नाव जातं, जागा सुटत नाही. चालू लॉग पुसू नका, जागेवर रिकामा करा, आणि जुने लॉग आपोआप बाजूला काढणारा लॉगरोटेट नीट लावा. जागा शिल्लक दिसते पण फाइल बनत नाही, तेव्हा आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, बघा. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेच्या लाखो बारीक सेशन फाइलींनी ते संपलेले असतात.

निकालाच्या दिवशी आकडे वाढवणं

बारावीचा निकाल लागला, साइट हळू झाली की कुणीतरी पीएचपीच्या प्रोसेसची मर्यादा ५० वरून ५०० करतं. एक प्रोसेस ६० एमबी धरली तर पाचशेचे ३० जीबी होतात, सर्व्हरमध्ये रॅम १६. मेमरी संपली की कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याचा बळी घेतं, आणि तो बहुतेक वेळा डेटाबेस असतो. म्हणजे हळू चालणारी साइट बंदच पडते. आधी गुणाकार करा. डेटाबेसाला लागणारी रॅम बाजूला काढा, उरलेल्याला एका प्रोसेसच्या आकारानं भागा, जो आकडा येईल तो तुमचा. निकालासारखं सगळ्यांना एकच दिसणारं पान असेल तर कॅश लावा, म्हणजे तेच तयार पान सगळ्यांना जाईल. हे काम निकालाच्या आठवडाभर आधी करायचं असतं.

एकेका ओळीत

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊ नका. वेब सर्व्हर कोणत्या युजरनं चालतो ते बघा. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ बहुतेक ठिकाणी पुरतं.

रूटनं थेट लॉगिन बंद, पासवर्डनं लॉगिन बंद, फक्त एसएसएच की, म्हणजे किल्लीची फाइल. यावर मी वाद घालत नाही.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत. नूतनीकरणाची कोरडी चाचणी, म्हणजे ड्राय रन, घ्या. पोर्ट ८० बंद केल्यानं ते अडलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. नवं सर्टिफिकेट येऊनही वेब सर्व्हर रीलोड न केल्यानं जुनंच दिसत राहतं, तेही बघा.

सेंटओएस ७ या सर्व्हरच्या सिस्टिमचा आधार ३० जून २०२४ ला संपला. अजून त्यावर असाल तर हा लेख नंतर वाचा.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, असेल तर रात्री दोनला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतं, नेमकं पहिल्या बॅचची टेस्ट सुरू होताना.

डेटाबेसाचा ३३०६ पोर्ट जगाला उघडा ठेवू नका.

नेटवरून उचललेली कमांड समजल्याशिवाय चिकटवू नका, विशेषतः जिच्यात पुसणं किंवा डिस्कचं नाव आहे ती. मी अजूनही अशी कमांड आधी वहीत लिहितो, मग टाइप करतो.

सर्व्हर बदलताना

नव्या सर्व्हरवर जायच्या किमान एक दिवस आधी डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या यादीचा, टीटीएल ८६४०० वरून ३०० करा; तो पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा, तो हा आकडा. बदल केल्यावर कमी करून काही उपयोग नाही, जुना पत्ता लोकांकडे दिवसभर राहतोच. जुना सर्व्हर लगेच रद्द करायची घाई नको. मी पंधरा दिवस ठेवतो आणि रोज त्याचा लॉग बघतो. एकदा आठव्या दिवशी नांदेडच्या एका कॉलेजचे प्रवेश अर्ज जुन्या सर्व्हरवर येताना दिसले. ऑफिसातल्या दोन कॉम्प्युटरवर कुणीतरी पूर्वी होस्ट्स फाइलमध्ये जुना पत्ता लिहून ठेवला होता. तेवीस अर्ज होते, सगळे नव्या डेटाबेसात उतरवून घेतले.

सर्व्हर परत करण्याआधी दोन्ही डिस्क स्वतः पूर्ण पुसा, कंपनीवर सोडू नका. त्यांच्यावर मुलांचे फोन नंबर असतात.