जुनी फिल्म बॅक विकत घेताना ती नक्की कुठली आहे ते कसं ओळखायचं

मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या बॅक, म्हणजे मागे लागणारी फिल्मची डबी, विकायला ठेवणारे बरेच जण नुसतं "१२० बॅक, चालू आहे" (१२० हा रोल फिल्मचा प्रकार) एवढंच लिहितात आणि समोरून एक फोटो टाकतात, पण समोरून बहुतेक सगळ्या सारख्याच दिसतात. त्यामुळे विक्रेत्याकडून आणखी तीन फोटो मागायचेच: पाठीचा, इन्सर्ट (रोल ज्यावर चढवतात तो आतला भाग) बाहेर काढून त्याचा, आणि डार्कस्लाईड (फिल्मवर उजेड पडू नये म्हणून पुढे सरकवायचा पातळ पत्रा) जिथून आत जाते त्या फटीचा. हे तीन फोटो मिळाले की निम्म्याहून जास्त शंका तिथेच मिटतात.

मी मुख्यतः हॅसलब्लॅड कॅमेऱ्यांबद्दल सांगतो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. १९५७ साली ५००सी आला, आणि त्या ५०० मालिकेच्या जुन्या-नव्या बॅक एकमेकींच्या बॉडीवर बसतात म्हणून लोक वर्जन न बघताच घेतात. मीही पहिली बॅक तशीच घेतली होती, ए-१२ समजून, आणि घरी येऊन बघतो तर पाठीवर गोल झाकणाची छोटी खिडकी, म्हणजे ती जुनी १२ होती, जिला लोक सी-१२ म्हणतात.

तर पहिली खूण हीच, पाठीवरची खिडकी. सी-१२ मध्ये रोल भरल्यावर ती उघडून बॅकिंग पेपरवरचा, म्हणजे फिल्ममागच्या कागदावरचा, १ दिसेपर्यंत फिल्म फिरवायची, मग खिडकी बंद करून काउंटर १ वर आणायचा. ए-१२ ला खिडकी नसते, तिथला ए म्हणजे ऑटोमॅटिक, पेपरवरचा बाण इन्सर्टवरच्या खुणेशी जुळवला, इन्सर्ट आत सरकवला आणि क्रँक फिरवली की ती पहिल्या फ्रेमवर आपोआप थांबते. सी-१२ वाईट अजिबात नाही, साधी आणि टिकाऊ आहे, फक्त ए-१२ च्या भावात घेऊ नका.

मग आकडा बघा. ए-१२ म्हणजे १२० रोलवर ६x६ च्या १२ फ्रेम, ए-१६ म्हणजे त्याच रोलवर ६x४.५ च्या १६, ए-१६एस म्हणजे ४x४ सुपरस्लाईड, ए-२४ म्हणजे २२० रोलवर २४ आणि ए-७० ला ७० मिमी फिल्म लागते. ए-२४ बऱ्याचदा स्वस्त मिळते कारण २२० आता जवळपास कुणी बनवत नाही. २२० ला फक्त सुरुवातीला आणि शेवटी कागद असतो, मधे नुसती फिल्म, म्हणून ए-२४ त्या कमी जाडीसाठी बनवलेली आहे. तिच्यात १२० घालून वापरणारे लोक आहेत, पण १२ फ्रेम झाल्या की आपणच थांबायचं लक्षात ठेवावं लागतं, आणि पहिलीच बॅक घेणाऱ्याने हा ताप घेऊ नये असं मला वाटतं.

ई-१२ दिसली तर पुढच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट आणि बॅकवर फिल्म स्पीडची डायल आहे का बघा, ती २०० मालिकेतल्या मीटरवाल्या बॉडींसाठी आहे. ५०० मालिकेवरही चालते, पण तिथे त्या कॉन्टॅक्टचा काही उपयोग नाही, त्यामुळे त्याचे जास्त पैसे देऊ नका. उशिराच्या ए-१२ ला पाठीवर डार्कस्लाईड ठेवायचा कप्पा असतो आणि वापरताना त्याचं खरंच सुख आहे, नाहीतर स्लाईड कायम खिशात वाकते.

वर्ष ओळखायला सिरियल नंबरच्या सुरुवातीची दोन अक्षरं बघायची. "व्हीएच पिक्चर्स" या शब्दांची इंग्रजी अक्षरं ओळीने १ ते ९ आणि शेवटी ०, म्हणजे व्ही १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९, एस ०. यूएच असेल तर १९७२, आरसी असेल तर १९८५. बऱ्याच नंतरच्या बॅकवर या अक्षरांच्या आधी आकडेही असतात, त्यांनी गोंधळू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, इन्सर्ट. त्याच्यावर तीन आकडे असतात, ते बॅकच्या नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर बॅक फेकण्यासारखी होत नाही, पण कुणीतरी कधीतरी दोन बॅकचे भाग एकत्र केलेत हे कळतं, मग फ्रेममधलं अंतर तपासल्याशिवाय पूर्ण भाव देऊ नका. त्यासाठी एक वाया गेलेला रोल भरायचा, प्रत्येक फ्रेमला डार्कस्लाईड घालून बॅक काढायची, स्लाईड ओढून आतल्या चौकटीच्या कडा फिल्मवर पेनाने आखायच्या, परत लावून शटर मारून पुढे जायचं. शेवटी रोल पसरला की कळतंच, फ्रेम एकमेकींवर चढल्या असतील तर गिअर झिजलेत. डार्कस्लाईडच्या फटीतलं लाईट सील (उजेड आत येऊ न देणारं अस्तर) मात्र जुनं असणारच असं धरून चाला, फोम आणि पातळ पट्टी दोन्ही बदलता येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगली बॅक सोडू नका.

आता मामिया कॅमेऱ्यांचं थोडक्यात. आरबी६७ च्या साध्या प्रो बॅकला डबल एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर दोनदा फोटो) रोखणारं इंटरलॉक नाही, १९७४ च्या प्रो-एसपासून ते आलं, म्हणून नाव नीट वाचा. आरझेड६७ ची बॅक आरबीवर बसत नाही, उलट आरबीची बॅक आरझेडवर "जी" नावाचा अडॅप्टर लावून बसते. आरझेड प्रो-टूच्या बॅकला काउंटरच्या दोन खिडक्या असतात, आडवी उभी कशीही धरली तरी आकडा दिसावा म्हणून, त्यावरून ती लगेच ओळखू येते. मामिया ६४५ मध्ये तर जुन्या एम६४५ आणि १०००एस ला बॅक बदलतच नाही, फक्त इन्सर्ट बदलतो, बदलती बॅक ६४५ सुपरपासून आली, म्हणजे कुणी "१०००एसची बॅक" म्हणून काही विकत असेल तर तो इन्सर्टच आहे, आणि तो १२० चा आहे की २२० चा एवढं विचारून घ्या.