मुंबई–न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

अंतर आधी उरकून टाकू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा. मुंबईहून निघालेला दोरा अरबस्तानाकडे वळतच नाही. तो मध्य आशियाच्या दिशेने वर चढतो, थेट आइसलँडच्या अक्षांशापर्यंत जातो आणि मग न्यूयॉर्ककडे उतरतो. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर.

ढोबळ वेळ हवा असेल तर या अंतराला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी किलोमीटर वेगाने, भागा आणि अर्धा तास मिळवा. सव्वापंधरा तास येतात.

आता तिकीट. सगळा घोळ इथे होतो. सुटण्याची वेळ मुंबईची छापलेली असते, पोहोचण्याची न्यूयॉर्कची. रात्री १.३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ७.३० ला पोहोचणार असं दिसलं, की घरातलं कुणीतरी ‘सहाच तास’ म्हणून मोकळं होतं. दुसरं कुणी सांगतं, ‘साडेदहा तास मिळवा.’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. तो फक्त हिवाळ्यात खरा आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे जातात, ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मधल्या काळात फरक साडेनऊच तासांचा. शिवाय परतीच्या वेळी मिळवायचे की वजा करायचे, यावर हमखास वाद होतो.

त्यापेक्षा दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामाईक प्रमाणवेळेत, आणा. मुंबईच्या वेळेतून बाराही महिने साडेपाच तास वजा. न्यूयॉर्कच्या वेळेत हिवाळ्यात पाच मिळवा, उन्हाळ्यात चार. समजा, १५ जानेवारीचं तिकीट आहे. मुंबईचे रात्रीचे १.३० म्हणजे १४ तारखेचे रात्रीचे ८. न्यूयॉर्कचे सकाळचे ७.३० म्हणजे १५ तारखेचे दुपारचे १२.३०. प्रवास साडेसोळा तासांचा. हेच आकडे जुलैच्या तिकिटावर असतील तर साडेपंधरा. प्रत्येक वेळेशेजारी तारीख लिहा, मगच वजाबाकी करा.

येताना तास-दोन तास कमी लागतात, कारण उंचावरचे जेट प्रवाह, म्हणजे खूप वेगवान वारे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला पाठीमागून रेटा मिळतो. जाताना वेळ वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे बंद हवाई हद्दी. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला. दोऱ्याचं अंतर तेवढंच राहिलं, उडण्याचं वाढलं.

आईवडील एकटे निघणार असतील तर नुसतं तिकीट पाठवून थांबू नका. १५ तारखेचे रात्रीचे १.३० म्हणजे १४ तारखेला संध्याकाळी लवकर जेवून घर सोडायचं. ‘मंगळवारी रात्री १० वाजता विमानतळावर’ असं वार घालून, मराठीत, वेगळं लिहून द्या.

मध्ये दुबईला किंवा लंडनला थांबा असेल, तर त्या थांब्यापुरती साधी वजाबाकी चालते. उतरण्याची आणि पुन्हा सुटण्याची, दोन्ही वेळा तिथल्याच असतात.