घरच्या दाबचौकटीवर सफरचंदाचे गोड सायडर कसे करावे

कोल्हापुरात ‘सायडर’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वजन उतरवण्यासाठी घेतात ती व्हिनेगरची बाटली येते. वास्तविक सायडर ही व्हिनेगरच्या बरीच आधीची अवस्था आहे. सफरचंदे किसून, दाबून काढलेला आणि बारीक न गाळलेला गढूळ तपकिरी रस, हा सायडरचा अमेरिकेतील रूढ अर्थ. इंग्लंडमध्ये मात्र हाच रस आंबवून केलेल्या मद्याला सायडर म्हणतात. प्रस्तुत लेखात पहिल्या अर्थाच्या, म्हणजे गोड सायडरची रीत दिली आहे. परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा असल्याने त्या वाटेला आपण जाणार नाही.

उसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला रस काढणे म्हणजे चरक, एवढेच ठाऊक असते. मीही पहिल्या वर्षी सफरचंदाच्या फोडी उसाच्या हातचरकातून काढून पाहिल्या. रस आणि लगदा दोन्ही एकदमच खाली आले, आणि चरकाच्या खाचा घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. उसात चिवट धागा असतो, त्यामुळे चिपाड एका बाजूला आणि रस दुसऱ्या बाजूला जातो. सफरचंदात असा धागा नसतो. त्याचा रस असंख्य सूक्ष्म पेशींत कोंडलेला असतो. म्हणून आधी किसून त्या पेशी फोडाव्या लागतात आणि मग तो कीस कापडात बांधून सावकाश दाबावा लागतो. ही दोन कामे वेगवेगळी आहेत, आणि पहिले नीट झाले नाही तर दुसऱ्यात कितीही जोर लावला तरी उपयोग होत नाही.

चौकट

दाबयंत्राचा गाभा म्हणजे दोन उभे खांब, खाली एक आडवी तुळई आणि वर एक. उद्यमनगरातील कोणताही फॅब्रिकेशनवाला ही चौकट सहज जोडून देतो. ७५ मिलिमीटरचे लोखंडी चॅनेल पाठीला पाठ लावून दोन्ही तुळया कराव्यात. आतली रुंदी सुमारे ५० सेंटिमीटर आणि उंची ६० ते ६५ सेंटिमीटर ठेवावी. दाब देण्यासाठी मोटारीचे चाक बदलताना वापरतात तो २ टनांचा बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक पुरेसा होतो. ३० सेंटिमीटर लांब-रुंद थरावर २ टन भार आला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलो दाब पडतो, आणि घरगुती कामाला तो भरपूर आहे. त्याहून मोठा जॅक बसवण्याचा मोह टाळावा, कारण तेवढ्या भाराने चौकटीचे वेल्डिंग सुटले, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

चौकटीच्या तळाशी कडा उचललेले आणि एका बाजूला तोटी असलेले स्टेनलेस स्टीलचे तसराळे ठेवावे. रस आंबट असतो, त्यामुळे तो जिथे जिथे लागेल तिथे लोखंड, जस्ताचा मुलामा, तांबे किंवा कल्हई उडालेले पितळ असता कामा नये. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्यांच्या घरी पाहिले आहे, त्यांना याचे वेगळे कारण सांगण्याची गरज नाही.

थरांच्या मध्ये ठेवायच्या जाळ्या लाकडी पट्ट्यांच्या करतात. लाकूड टणक, बिनवासाचे आणि रंग न सोडणारे हवे. ते पारखण्याचा सोपा उपाय असा, की पट्टीचा तुकडा रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि सकाळी पाण्याला रंग किंवा वास आला असेल, तर ते लाकूड बाद करावे. कडुनिंबाचा तर विचारच नको. जाळ्यांना पॉलिश किंवा रंग लावू नये. थर लावण्यासाठी विटेच्या साच्यासारखी, तळ नसलेली, २६ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच चौकटही करून घ्यावी. कापड म्हणून मांजरपाट चालतो, मात्र त्यातील खळ निघून जाईपर्यंत तो दोन-तीनदा उकळत्या पाण्यात धुवावा. एका थराला ७० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा लागतो.

फळे आणि कीस

हिमाचलची सफरचंदे पावसाळ्यातच येऊ लागतात आणि काश्मीरचा माल त्यामागोमाग येतो. मी हे काम दसऱ्यानंतरच काढतो, कारण श्रावण-भाद्रपदात कोल्हापुरात कापडे वाळत नाहीत आणि ओलसर कापडाला लागलेला कुबट वास थेट रसात उतरतो. मार्केट यार्डात पेटी घेताना वरची चकचकीत फळे पाहून भुलू नये. तळातले एक फळ कापून पाहावे. फार दिवस साठवलेले, भुसभुशीत झालेले सफरचंद खायला चालते, पण त्याचा पिठासारखा लगदा होतो आणि कापडाची छिद्रे बुजतात.

नुसत्या डेलिशस जातीच्या फळांचा रस गोड पण सपक लागतो. तीन भाग गोड फळांना एक भाग आंबट हिरवी ग्रॅनी स्मिथ मिसळली, की चवीला धार येते. फळे कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवावीत; आयात फळांवर मेणाचा थर असतो, म्हणून ती अधिक घासावीत. डागाळलेला भाग कापून टाकला तर चालते, परंतु बुरशी आलेले फळ पूर्ण फेकावे. त्या बुरशीत तयार होणारे पॅटुलिन नावाचे विष रस तापवूनही पुरते नष्ट होत नाही.

फोडी करून बिया काढाव्यात आणि फूड प्रोसेसरच्या जाड किसणीवर किसावे. कीस ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा मोकळा दिसला पाहिजे. मिक्सरमध्ये फिरवून त्याची चटणी झाली, की दाब येताच ती कापडातून बाहेर पडते. किसणीचे कष्ट नको असतील, तर फोडी फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवून नंतर वितळू द्याव्यात. बर्फामुळे पेशींच्या भिंती फुटतात आणि मऊ पडलेल्या फोडी हाताने कुस्करता येतात. कीस हवेत तपकिरी होतो तो ऑक्सिजनमुळे. सायडरचा रंग त्यातूनच येतो, तेव्हा घाबरून जाऊ नये. फिकट रस हवा असल्यास किसावर लिंबू पिळावे.

दाबणे

एक जाळी, तिच्यावर साचा, साच्यावर कापड, कापडात कीस. मग कापडाची चारही टोके पाकिटासारखी आत दुमडून साचा उचलून घ्यावा आणि वर दुसरी जाळी ठेवावी. असे चार थर झाले, की साधारण ८ किलो कीस बसतो. थर ओळंब्यात हवेत. ते एका अंगाला कलले तर दाब येताच सगळा डोलारा सरकतो. सर्वांत वर जाड फळी, तिच्यावर स्टीलची थाळी, आणि थाळीत जॅक उभा ठेवावा, म्हणजे जॅकचे तेल गळले तरी रसात उतरणार नाही.

यापुढे सारा भर धीरावर आहे. जॅक न लावताच, केवळ फळीच्या वजनाने रस ठिबकू लागतो, त्याला दहा मिनिटे द्यावीत. नंतर दांडा दोन-तीनदा हलवावा, धार लागली की थांबावे, धार बारीक झाली की पुन्हा हलवावा. मी पहिल्यांदा घाईने दहा-बारा झटके मारले, तेव्हा मधले कापड फाटून कीस भिंतीवर उडाला आणि त्याचा डाग पुढच्या रंगकामापर्यंत तिथेच होता. जॅकची दांडी पूर्ण वर आली, की तो सोडून खाली लाकडी ठोकळा द्यावा आणि पुन्हा दाबावे. एका खेपेला पाऊण तास लागतो. १० किलो फळांमागे ५ ते ६ लिटर रस मिळाला, तर काम उत्तम झाले असे समजावे.

हा रस कच्चा पिऊ नये. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूची बाधा होऊन अनेकजण आजारी पडले होते आणि एक बालक दगावले होते. रसाच्या आंबटपणाने हा जिवाणू मरत नाही. स्टीलच्या पातेल्यात, थर्मामीटर लावून आणि सतत ढवळत, रस ७२ ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत न्यावा आणि एक मिनिट तिथेच धरावा. उकळी येऊ दिली तर ताज्या फळाची चव जाऊन शिजवलेल्या मुरंब्याची चव उरते. वर आलेला फेस काढून रस उकळून घेतलेल्या बाटल्यांत भरावा आणि गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा. असा रस आठवडाभरात संपवावा. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल, तर बाटलीचा वरचा दहावा भाग रिकामा सोडावा, कारण गोठताना रस फुगतो. तळाशी बसणारा साका म्हणजे बिघाड नव्हे, प्यायच्या आधी बाटली हलवावी. मात्र बुडबुडे येऊ लागले, तर रस आंबू लागला असे समजून तो टाकून द्यावा. झाकण घट्ट असलेली अशी बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते.

चोथा खतात जिरतो. कापडे आणि जाळ्या मात्र त्याच दिवशी, चोथा वाळायच्या आत, गार पाण्याने धुवून, उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकाव्यात. एकदा कीस धाग्यांत वाळला, की कापड दुसऱ्या खेपेला कामाचे राहत नाही.