घरातल्या कॅमेऱ्याचा ताबा आपल्याकडेच ठेवण्यासाठी

पुण्यात बहुतेक घरांत कॅमेरा ठरावीक पद्धतीने येतो. तापकीर गल्लीतल्या दुकानातून किंवा ऑनलाइन खरेदी होते, टेक्निशियन येऊन कॅमेरा बसवतो, मोबाइलवर ॲप घेऊन देतो आणि चित्र दिसू लागले की काम पूर्ण झाले असे सगळे धरून चालतात. त्या कॅमेऱ्याचे मुख्य खाते कोणाच्या मोबाइल क्रमांकावर उघडले गेले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हॅकर म्हटले की दूर देशातला कोणीतरी डोळ्यांसमोर येतो. पण घरातले चित्र पाहू शकणारा पहिला अनोळखी माणूस अनेकदा आपणच दार उघडून आत घेतलेला असतो. तो प्रामाणिक असेलही. तरी ही किल्ली त्याच्याकडे राहण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून सुरुवात इथूनच करावी. ॲपमध्ये कॅमेऱ्याचा मालक म्हणून आपलेच खाते दिसते, की कोणी तो आपल्याशी केवळ 'शेअर' केलेला आहे, हे पाहावे. शेअर केलेला असेल, तर टेक्निशियनला त्याच्या खात्यातून उपकरण काढून टाकायला सांगावे आणि नंतर ते स्वतःच्या खात्यात जोडावे. अनेक कंपन्यांच्या उपकरणांत नुसते रीसेट केल्याने जुन्या खात्याशी असलेली जोडणी तुटत नाही, हे लक्षात ठेवावे. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारा डबा) असल्यास त्यातली वापरकर्त्यांची यादी उघडून अनोळखी नावे काढावीत आणि ॲडमिनचा पासवर्ड स्वतः बदलावा. कॅमेरा जोडताना वायफायचा पासवर्डही त्या माणसाला सांगितलेला असतो, तोही त्याच दिवशी बदललेला बरा.

पासवर्डविषयीचा सल्ला जुना वाटेल, परंतु २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच बळावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांची सेवा खंडित केली. आपल्याकडचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील सीसीटीव्हीत घुसून मिळवलेले महिलांच्या तपासणीचे चित्रीकरण इंटरनेटवर पसरले आणि विकले गेले. त्या प्रकरणात अटक झालेल्यांमध्ये महाराष्ट्रातील तरुणही होते. त्या महिलांचा यात काय दोष होता? कॅमेऱ्याचा पासवर्ड लांब आणि अन्य कुठेही न वापरलेला असावा, कारण एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड चोर कॅमेऱ्याच्या खात्यावरही वापरून पाहतात. ॲपमध्ये दुहेरी पडताळणीची, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला कोडही मागण्याची, सोय असेल, तर ती सुरू करावी. मग पासवर्ड फुटला तरी कोडशिवाय खाते सहसा उघडत नाही.

राउटरकडे जरा जास्त वेळ द्यावा. बाहेरून चित्र दिसावे म्हणून काही टेक्निशियन त्यात 'पोर्ट फॉरवर्डिंग' करतात, म्हणजे डीव्हीआरचे दार थेट इंटरनेटवर उघडे राहते. शोडानसारखी शोधयंत्रे अशी उघडी उपकरणे शोधून त्यांची यादीच करतात. ॲपमधून चित्र दिसत असेल, तर याची बहुधा गरज नसते; ते नियम काढून टाकावेत आणि 'यूपीएनपी' (उपकरणांना असे दार आपोआप उघडू देणारी राउटरमधली सोय) बंद करावे. कॅमेऱ्यांसाठी राउटरवर वेगळे 'गेस्ट' नेटवर्क केले, तर कॅमेऱ्यात कोणी घुसले तरी त्याला बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणे अवघड होते. फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा व राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावे. नवा कॅमेरा घेताना, एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याची सुरक्षा तपासणी झाली आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. बिननावाचा स्वस्त कॅमेरा घेऊ नये.

कॅमेरा कुठे बसवायचा, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे. परगावी किंवा परदेशी असलेली मुले आईवडिलांच्या काळजीपोटी हॉलमध्ये कॅमेरा लावतात, ती काळजी खरी असते. पण आईवडिलांना विचारून, त्यांना तो बंद करता येईल अशा रीतीने लावावा. शयनगृह आणि कपडे बदलण्याची जागा पूर्णपणे वगळावी, घरकामाच्या ताईंना कॅमेरा असल्याचे सांगावे आणि समोरच्या फ्लॅटचे दार चित्रात येत असेल, तर दिशा बदलावी. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अंगांचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कॅमेरा आपोआप फिरला, त्यातून अनोळखी आवाज आला किंवा ॲपमध्ये परका मोबाइल दिसला, तर आधी त्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग कॅमेऱ्याचे इंटरनेट तोडावे. पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदलावेत. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पुण्यात सायबर पोलीस ठाणे आहे, तर पिंपरी-चिंचवडकरांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तक्रार होईपर्यंत डीव्हीआर रीसेट किंवा फॉरमॅट करू नये, कारण कोणी, केव्हा आणि कोठून प्रवेश केला याच्या नोंदी त्यातच असू शकतात.