जळगावहून कोरिया: ड्रामातली ठिकाणं बघायला जायचं तर

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, अख्खी सिरीयल बघायला जाता येत नाही, सीन बघायला जाता येतं. 'रिप्लाय 1988' या कोरियन सिरीयलमधली ती गल्ली आठवते ना, जिथे आया फळीवर बसून भाजी निवडतात आणि जगभराच्या गप्पा हाणतात, आणि आपल्याला वाटतं अरे ही तर जुन्या जळगावातलीच गल्ली? तो सेट होता. सोलमध्ये स्सांगमुन-दोंग नावाचा भाग खरा आहे, पण तिथे जाऊन ती गल्ली काही सापडायची नाही. एवढा खर्च करून तिथे जायचं आणि अपार्टमेंटचे टॉवर बघून परत यायचं, याला काही अर्थ नाही भो.

म्हणून लिस्ट करताना प्रत्येक ठिकाणापुढे एकच प्रश्न लिहा, कॅमेरा गेल्यावर आता तिथे काय आहे. समुद्र, पूल, राजवाडा, झाड असेल तर डोळे झाकून जा, ते कुठे पळत नाही. कॅफे किंवा दुकान असेल तर ते चालू आहे का बघा, मालक बदलतात, नाव बदलतं, कधी कधी आख्खी बिल्डिंगच पाडतात. कोणाचं राहतं घर असेल तर लांबूनच नमस्कार. आणि सेट असेल तर तो तिकीट लावून उघडा ठेवलाय का ते शोधा, कारण काही सेट खरंच ठेवलेत, योंगिनचं दे जांग ग्यूम पार्क आहे जिथे 'द मून एम्ब्रेसिंग द सन' सारख्या राजाराणीच्या बऱ्याच सिरीयली शूट झाल्या, नाहीतर नॉनसानमधला सनशाइन स्टुडिओ, 'मिस्टर सनशाइन' वाला. राजवाड्यातली भांडणं आवडणाऱ्यांनी योंगिन चुकवू नका, सोलपासून जवळ आहे.

आता शोधायचं कसं. इंग्रजीत सर्च केलं की तीच तीच दहा ठिकाणं येतात. त्यापेक्षा विकिपीडियावरून ड्रामाचं कोरियन लिपीतलं नाव कॉपी करा, भाषांतराच्या ॲपमधून 'शूटिंगची जागा' हे कोरियनमध्ये करून घ्या, दोन्ही एकत्र नेव्हरवर, म्हणजे कोरियाच्या स्वतःच्या सर्च इंजिनवर टाका, आणि मग फोटोंवरून तुमचा सीन जुळवत बसा. सापडलं की लगेच नेव्हर मॅपमध्ये पिन सेव्ह करा, कोरियन लिपीतल्या पत्त्यासकट. गुगल मॅप तिथे चालत जायचा रस्ता नीट दाखवत नाही, मॅपचा डेटा देशाबाहेर न्यायला तिथल्या सरकारने वर्षानुवर्षं बंधनं घातलीत त्यामुळे, सो नेव्हर किंवा काकाओ मॅप इथूनच डाउनलोड करून हात बसवून घ्या. आणि अगदीच अडलं तर 1330 नंबर आहे, पर्यटकांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास चालू, इंग्रजीत बोलतात.

व्हिसा. आपल्याला म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांना टुरिस्ट व्हिसा लागतोच, ते के-ईटीएचं (व्हिसा न लागणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन परवानगीचं) प्रकरण आपल्यासाठी नाही, रील्सवाले काहीही सांगोत. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतं. बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरीचं पत्र, रोजचा प्लॅन, हॉटेल बुकिंग हे सगळं लागतं आणि बँकेत आदल्या आठवड्यात काकांकडून उसने पैसे आणून टाकले की ते त्यांना दिसतं, तो शहाणपणा करू नका. आपल्याकडे पुष्कळांचं उत्पन्न शेतीचं, केळीचा पैसा एकदम येतो आणि मग सहा महिने खात्यात सामसूम, तर कव्हर लेटरमध्ये ते सरळ समजावून लिहा आणि सातबारा जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर करून जोडा. प्लॅनमध्ये 'ड्रामातली ठिकाणं बघायला' असं लिहायला लाजायचं कारण नाही, त्यांच्याकडे यासाठीच तर लोक येतात.

जायचं कसं तर इथे सगळ्यांना मुंबईच आठवते, पण मुंबईहून बहुतेक बँकॉक, सिंगापूर नाहीतर हाँगकाँगला विमान बदलावं लागतं. दिल्लीहून थेट सोलची फ्लाइट मिळते, सात तासांच्या आसपास, आणि भुसावळहून दिल्लीच्या गाड्या भरपूर आहेत. दोन्हीकडचा हिशोब एकदा मांडून बघा, विमानतळावर ताटकळायचा वेळ धरून. फक्त रेल्वे आणि विमान यांच्यामध्ये एक रात्र मोकळी ठेवा, थंडीत दिल्लीकडच्या गाड्या धुक्यामुळे किती लेट होतात ते भुसावळकरांना मी काय सांगू.

इंचॉन एअरपोर्टवरून एरेक्स नावाची ट्रेन सोल स्टेशनला नेते, एक्सप्रेसने पाऊण तास वगैरे. उतरल्यावर कुठल्याही छोट्या चोवीस तासवाल्या दुकानातून टी-मनी कार्ड घ्या, बस मेट्रो सगळीकडे तेच चालतं, पण ते रिचार्ज करायला कॅश वोन जवळ ठेवा. हिशोबासाठी 1000 वोन म्हणजे साधारण 60-65 रुपये धरा.

सोलमध्ये ठिकाणांची खैरात आहे. नामसान टॉवर तर 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' पासून 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' पर्यंत सगळ्यांनी वापरलाय, केबल कारने वर जा, जोडप्यांनी लावलेल्या कुलपांची भिंत बघा, झालं. 'इटेवॉन क्लास' आवडला असेल तर नोक्साप्योंग स्टेशनजवळचा पादचारी पूल संध्याकाळी बघा, मागे टॉवर दिसतो. 'विन्सेन्झो' मधला ग्यूमगा प्लाझा म्हणजे सेउन संगा, जुनं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट. ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं तिकीट 3000 वोन, आणि हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घालून गेलं तर फुकट, आजूबाजूला भाड्याने देणारी दुकानंच दुकानं आहेत. मंगळवारी बंद असतो, आणि मंगळवारी गेटबाहेर हानबोक घालून उभे राहिलेले लोक बघून फार वाईट वाटतं.

पण मला विचाराल तर सोल दोन दिवसांत उरका आणि गांगन्यूंगला जा. 'गॉब्लिन' मधला तो सीन, मुलगी केकवरच्या मेणबत्त्या फुंकते आणि मागे हिरो गोंग यू उभा, तो जुमुनजिनच्या बाजूला समुद्रात घुसलेल्या दगडी बंधाऱ्यावर झालाय. सोलहून केटीएक्स या फास्ट ट्रेनने दोन तास, एका बाजूचे 27,600 वोन, पुढे बस किंवा टॅक्सी. तिथे गेल्यावर आधी रांग दिसते. बंधारे बरेच आहेत पण रांग एकाच बंधाऱ्यावर, आणि शेजारी लाल मफलर आणि पांढऱ्या फुलांचा गुच्छ भाड्याने मिळतो. रांगेतले लोक एकमेकांचे फोटो काढून देतात, भाषा कळत नाही पण पुढच्याने फोन तुमच्या हातात दिला की समजून जायचं, त्याचं झालं की तुमचं. पोज सगळ्यांना पाठ असते, मुलगी गुच्छ धरून उभी, मुलगा शून्यात बघतोय, आणि तेवढ्यात लाट फुटून दोघांचे बूट भिजतात आणि रांगेतले सगळे हसतात. काँक्रीट शेवाळाने निसरडं असतं, गुळगुळीत चप्पल घालून कडेला जाऊ नका, वारा पण जबरदस्त, साडी नेसून रील करायचा विचार असेल तर डझनभर पिना लावा. गर्दी नको असेल तर सकाळी लवकर पोचा, म्हणजे गांगन्यूंगला मुक्काम करा. तिथलंच चोदांगचं सॉफ्ट टोफू प्रसिद्ध आहे, समुद्राचं पाणी घालून घट्ट केलेलं. आणि जुमुनजिनच्याच पुढच्या बीचवर बीटीएस या कोरियन बँडवाला बसस्टॉप, पोरींना सांगायला नको, फक्त तिथे बस येत नाही, वाट बघत बसू नका.

नामी बेटावर सगळ्या टूर जातातच. 'विंटर सोनाटा' 2002 चा, त्यातली उंच झाडांची रांग खरंच तशीच आहे, गाप्योंगहून पाच मिनिटांची बोट. ऑक्टोबरच्या शेवटी पानं लाल-पिवळी होतात तेव्हा छानच, बाकी वेळी ठीक.

'होमटाउन चा-चा-चा' वाल्यांनी पोहांगला जावं, केटीएक्सने अडीच तास. सिरीयलमधलं गोंगजिन नावाचं गाव खरं नाहीच, पण चोंगहाचा बाजार आहे, तिथला तो मोठा स्क्विडचा (माखल्याचा) पुतळा आहे, आणि टेकडीवरची होडी साबांग मेमोरियल पार्कमध्ये आहे. नायक-नायिकेची घरं मात्र लोकांची राहती होती, आणि सिरीयल हिट झाल्यावर तिकडे जाऊ नका म्हणून टीमलाच सांगावं लागलं. त्याच शहरात गुर्योंगपोची ती पायऱ्यांची जागा, 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' वाली, एका दिवसात दोन्ही होतं.

राहत्या घरांवरून आठवलं, सोलच्या बुकचोन हानोक गावात (हानोक म्हणजे जुन्या पद्धतीची कोरियन घरं) आता मुख्य भागात सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढ्याच वेळेत पर्यटकांना जाता येतं, बाकी वेळी 1 लाख वोन दंड. आणि ते बरोबरच आहे, आपल्या दारात रोज सकाळी सहाला कोणी सेल्फी काढायला आलं तर आपण पाण्याची बादलीच ओतू.

'एक्स्ट्राऑर्डिनरी ॲटर्नी वू' मधलं झाड चांगवॉनला आहे, बुसानच्या बाजूला. रस्त्यासाठी गाव तोडायला निघतात तो एपिसोड. ते झाड खरं, साधारण 500 वर्षांचं, आणि ड्रामा गाजल्यावर 2022 मध्येच त्याला नैसर्गिक स्मारक जाहीर केलं. हायवे रुंद करताना आपल्याकडचे जुने निंब आणि वड गेलेले ज्यांनी बघितलेत त्यांनी इथे वाकडी वाट करून जावं, बघायला झाडाशिवाय काही नाही पण मी तरी नामी सोडून हेच घेईन.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' मधला तलावाकाठच्या पियानोच्या सीनची जागा कोरियात शोधू नका, ती स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्डला आहे, आणि गर्दीला कंटाळून त्यांनी त्या धक्क्यावर जायला 5 फ्रँक लावलेत.

राहिलं खाणं. मांसमच्छी खात नसाल तर कठीण आहे, साध्या किमचीत (आंबवलेल्या भाजीत) सुद्धा बऱ्याचदा माशाचा सॉस किंवा सुकट असते. बिबिमबाप म्हणजे भाज्या घातलेला भात मागा, 'गोगी प्पे जुसेयो' म्हणा म्हणजे मांस काढा, अंडं नको तर ते वेगळं सांगा, आणि फोनवर कोरियनमध्ये लिहून ठेवलेलं दाखवलं तर सगळ्यात उत्तम. इटेवॉनला भारतीय हॉटेलं आहेत. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेथीच्या दशम्या, केळीचे वेफर्स न्या, दशम्या तीन-चार दिवस आरामात टिकतात. पण ताजी केळी, कुठलंही ताजं फळ किंवा भाजी नेऊ नका, कस्टम्सला काढून घेतात, सासूबाईंनी बॅगेत भरताची वांगी घातली असतील तर ती घरीच काढून ठेवा.